दोन हवांच्या मधला पडदा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीतला नव्हे आणि नाटकातलाही नव्हे. एका हरितगृहाच्या बरोबर मध्ये, आडव्या नळीवर मी टांगलेला असतो. माझा एक गाल कायम उबदार, दुसरा कायम गार. मित्रांनो, अशा अवस्थेत स्वस्थ कोण राहील? पंखा सुरू झाला की मी फुगतो, बंद झाला की ढिला पडतो, आणि मधल्या वेळात आता काय होईल या काळजीने थरथरत राहतो.

माझ्या जन्माला एक भांडण कारण झाले. हे हरितगृह एका बहीणभावाचे. ताई ऑर्किड वाढवते. तिच्या रोपांना ऊब लागते. तिचा धाकटा भाऊ, केस पिकले तरी घरात छोट्याच, कार्नेशन लावतो; त्यांना गारवा मानवतो. हीटर मात्र एकच. ताईने तो वाढवायचा, तिची पाठ वळली की छोट्याने कमी करायचा. शेवटी मध्ये भिंत घालायला त्यांनी मिस्त्रीला बोलावले. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "भिंत कशाला घालताय? ऊन अडेल. पडदा टाका."

मग उजेड झिरपू देणाऱ्या जाड प्लॅस्टिकचे दोन थर बोटभर अंतर ठेवून जोडले आणि मी तयार झालो. मधल्या हवेमुळे ऊब सहजासहजी पलीकडे जात नाही. जमिनीलगत फट राहू नये म्हणून माझ्या खालच्या काठात वाळू भरलेली नळी घातली. हीटर ताईकडे गेला, पंखा छोट्याकडे. दोन तापमापकही आले. पहिल्यांदा ते उन्हातल्या खांबावर लावले होते, तर चार दिवस त्यांनी बिनदिक्कत थापा मारल्या. रोपांच्या उंचीवर, सावलीत टांगले तेव्हा कुठे ते ताळ्यावर आले.

त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. पाहुणे एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून हसायचे. दुपारी ऊन चढले की मला अर्धा उघडत, तिन्हीसांजेला पुन्हा बंद करत. मला वाटले, आता सगळे मार्गी लागले.

पण एका हिवाळ्यात ताई दाताच्या डॉक्टरकडे बाहेरगावी गेली. तिथेच मुक्काम करावा लागला. तोंडात कापूस, गाल सुजलेला, फोनवर ती एवढेच बोलली, "थंडी वाढतेय. पडदा ओढ."

त्यांची आई सकाळी उजेड यावा म्हणूनही 'पडदा ओढ' म्हणायची आणि रात्री उजेड अडावा म्हणूनही. त्या घरात या शब्दाने कधी कुणाला फसवले नव्हते. त्या दिवशी मात्र मी अर्धवट उघडा होतो. छोट्या क्षणभर थांबला. मग स्वतःशीच म्हणाला, "ताई आपली ऊब माझ्या रोपांना द्यायला निघालीय." त्याचे डोळे भरून आले. त्याने घाईने मला पूर्ण उघडले. त्या ओढाओढीत माझा काठ हुकात अडकून वीतभर फाटला.

सकाळी ताई परतली. सात वर्षांनी आलेल्या तिच्या कळ्या गळून पडल्या होत्या.

"मी पडदा ओढ म्हटलं होतं," ती म्हणाली.

"ओढला की," तो म्हणाला.

खरी गोष्ट त्याने मानापायी सांगितली नाही. मला ती ठाऊक होती, पण पडद्याचे कोण ऐकते? दोन हिवाळे मी नुसता तळमळत राहिलो. ज्याने फाडला त्याने शिवावा, असे ताईचे म्हणणे. जिला हवा तिने शिवावा, असे त्याचे. माझे वीतभर भोक हातभर झाले. ताईकडची ऊब त्यातून पळू लागली. छोट्याची फुले माना टाकू लागली आणि दोन्हीकडची हवा धड ना गरम, ना गार अशी झाली.

काल मिस्त्री पुन्हा आला, या वेळी टेप घेऊन. माझ्या जागी आता भिंतच घालायची ठरली होती. त्याने तिचे माप घेतले आणि विचारले, "मधे दार ठेवायचं का?"

मी इतका फडफडलो की मिस्त्रीने पंखा बंद केला.

"ताई," शेवटी छोट्या म्हणाला, "मला वाटलं होतं, तू तुझी ऊब माझ्या रोपांना देतेयस. म्हणून उघडला गं."

ताईने माझ्या भोकातून पलीकडे, त्याच्या मान टाकलेल्या फुलांकडे बघितले.

"पडदा टाक ना आता त्यावर," तो म्हणाला.

"टाकते. आधी हा शिवून दे. फाटका टाकून काय उपयोग?"

मिस्त्रीने टेप गुंडाळली.

आज छोट्या मला शिवतो आहे. टाके वाकडेतिकडे आहेत आणि मला सारखे हुळहुळते. मित्रांनो, तुमच्या घरात काही फाटले, तर कुणी फाडले याचा निवाडा होईपर्यंत थांबू नका. वीतभर आहे तोवरच सुईदोरा घ्या. पलीकडून ताई ओरडते आहे, "वारा सुटलाय, पडदा ओढ."

सुई थांबली आहे. छोट्या विचारतो आहे, "लावू की उघडू?"