मी कांजिण्यांचा नव्हेच!

मी एक व्रण बोलतोय. आमच्या बाईच्या डाव्या भुवईच्या वर मसुराएवढा खड्डा दिसतोय ना, तोच मी. आधीच सांगून ठेवतो, मी कांजिण्यांचा नाही. नाही म्हणजे नाही! कधीचा घसा फोडून ओरडलो असतो, पण व्रणाला घसा कुठला?

माझा जन्म मावशीच्या घरचा. आमची बाई तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या दादाला कांजिण्या आल्या, म्हणून आईने हिला उचलून मावशीकडे धाडलं. तिथे हिला डास चावला. "नखं लावू नकोस गं!" मावशी ओरडत राहिली. हिने लावलीच. खपली धरली, तीही उपटली. झालो मी!

ही घरी परतली तेव्हा दादाच्या तोंडावर डाग आणि हिच्या कपाळावर मी. पुढे विषय निघाला की सगळे म्हणायचे, "दोघांना एकदमच झाल्या हो!" आईसुद्धा. माणसं एखादी गोष्ट चारदा बोलली की ती त्यांना आठवायलाच लागते.

बाई शिकून नर्स झाली. लग्नात मला पावडरीने बुजवलं, तेही सोसलं. आता ती रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात आहे. तिथल्या एका चिमुरडीला सगळे राणीसाहेब म्हणतात, कारण ती सारखी हुकूम सोडते. औषध घेईल तर आमच्या बाईच्याच हातून. उपचारांनी पोर इतकी खचलीय की कांजिण्या झाल्या तर जिवावरच बेतायचं. म्हणून दवाखान्याने फर्मान काढलं, इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला कांजिण्यांपासून संरक्षण आहे का ते रक्त घेऊन तपासा.

काय तो तमाशा! दिवसभर दुसऱ्यांना सुया टोचणारे हे लोक, स्वतःची पाळी आली की पळ काढतात. एका डॉक्टरांना तर अचानक मीटिंगच आठवली. थोरल्या सिस्टरांनी आमच्या बाईला विचारलं, "कांजिण्या झाल्या होत्या का गं?"

"झाल्यात की लहानपणी. ही बघा खूण!" आणि बोट माझ्यावर.

"बरं, मग राहू दे रक्त."

संपली तपासणी! अहो, साक्षीदार उभा केलात, तर त्याला बोलू तरी द्या!

पुढच्याच आठवड्यात मोठ्यांच्या वॉर्डात एका माणसाला कांजिण्या आल्या. "मी जाते, मला काय होतंय?" म्हणत बाई पुढे. दिवसभर त्याचं अंग पुसलं, चादरी बदलल्या. मी कपाळावर नुसता धुमसत होतो.

संध्याकाळी ही फुशारकी तिने मावशीकडे फोनवर मारली. मावशी कडाडली, "अगं मेले, तुला कुठल्या कांजिण्या? तू तर माझ्याकडे होतीस! तो डास चावला होता!"

बाईचं बोट पुन्हा माझ्यावर आलं. एवढ्या वर्षांत खरं बोलणारं कुणीतरी भेटलं!

सकाळी वॉर्डात पाऊल न टाकता तिने थोरल्या सिस्टरांना गाठलं. रक्त तपासलं. संरक्षण शून्य! "तीन आठवडे घरी बस, त्या पोरांच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस," सिस्टर म्हणाल्या.

आणि पंधरवड्यात व्हायचं तेच झालं. आधी ताप, मग अंगभर फोड. त्यात राणीसाहेबांचा फोन, "तू आलीस तरच औषध घेईन." बाईने फोनवरच गयावया करून एकेक घोट पाजला आणि मग उशीत तोंड खुपसून रडली. "हे आत्ता फोड आल्यावर कळलं असतं, तर तोवर मी तिला कडेवर घेऊन बसले असते रे," नवऱ्याला सांगत होती. मलाही भरून आलं.

खपल्या पडून परवानगी मिळाली तेव्हाच ती वॉर्डात गेली. राणीसाहेबांनी डोळे बारीक करून पाहिलं. "शी! किती खड्डे पडलेत तुझ्या तोंडावर!"

बाई हसली आणि हसता हसता रडू फुटलं. पोरीच्या अंगावर एकही फोड नव्हता.

आता मला शेजारी मिळालेत, खरेखुरे कांजिण्यांचे. पण तुम्हाला सांगतो, आमच्याकडे बोट दाखवून निसटू नका. खूण खोटं बोलत नाही म्हणे! अहो, खूण बोलतच नाही, बोलता ते तुम्ही. बाही वर करा, मुकाट्याने रक्त द्या. त्या पोरीचे उपचार अजून वर्षभर चालायचे आहेत.