मुन्नालालच्या पडद्यावर प्रेमिला

सौंदडच्या चौकात प्रेमिलाचं बॅनर-पत्रिकांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप, आणि कोपऱ्यात तो. नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून आणलेला जुना वर्कस्टेशन, म्हणजे दांडगा कॉम्प्युटर. धानाच्या पोत्यासारखा जड आणि तेवढाच बोलका. दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरते, रात्री नाटक होतं, आणि नाटकाला हे एवढं मोठं बॅनर लागतं. त्याची फाइल उघडली की लॅपटॉप धापा टाकायचा. हा जुना गडी चालला असता तर बॅनर गोंदियाला न धाडता प्रेमिलानं इथंच केलं असतं, कोपऱ्यात आपलं नाव टाकून. पण त्याच्यात कॉम्प्युटर चालवणारी सिस्टमच नव्हती. सीडीचं तोंड उघडत नव्हतं आणि पेनड्राइव्हला तो ओळख देत नव्हता.

"आज नाई चालला तं संध्याकाळी भंगारात," नवरा उदाराम म्हणाला. "दुकानात मले बसाले जागा नाई."

"तुमाले बसाले कोण सांगते?"

उरली एकच वाट, इंटरनेटच्या वायरीची. असा डबा सुरू होताना वायरीवर हाक मारतो, कोणी आहे का म्हणून. लॅपटॉपनं ओ द्यायची आणि सगळी सिस्टम तिकडं पाठवायची. व्हिडिओ बघत, फसत, पुन्हा करत प्रेमिलानं लॅपटॉप तयार केला. मधेच विचारपूस नको म्हणून उत्तरंही भरून ठेवली. जुनं पुसायचं? हो. मालकाचं नाव? प्रेमिला.

तिनं डब्याचं बटण दाबलं आणि त्याच्याकडे पाठ करून लॅपटॉपपुढं बसली. रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर धडधडत होते. थोड्या वेळानं लॅपटॉपवर ओळ उमटली, कोणीतरी हाक मारली होती.

"अवो, घेऊन राहिला!"

"पडदा तं काळाच हाय," उदाराम म्हणाला.

"जुना हाय, पेटंल हळूहळू."

अर्धं गेलं, पाऊण गेलं. तिनं डब्याला कुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला. सगळं गेलं. पडदा काळाच.

एवढ्यात शेजारच्या फोटो स्टुडिओतून मुन्नालाल आला, चेहरा उतरलेला.

"वहिनी, माह्या कॉम्प्युटरवर तुमचं नाव येऊन राहिलं. 'स्वागत, प्रेमिला.' बायकोनं पायलं तं मले घरात घेणार नाई."

प्रेमिलानं भिंतीकडं पाहिलं. दोघांच्या दुकानांत इंटरनेट एकच. भिंतीला भोक पाडून वायर तिकडं नेलेली. मुन्नालालचा कॉम्प्युटरही सुरू होताना आधी वायरीवरच हाक मारायचा. आजवर कोणी ओ दिली नव्हती. आज दिली, आणि त्याला पुसून कोरा केला.

"भाऊजी, तुमचे फोटो?"

"ते कार्डातच हायत. त्या डब्ब्यात साल्याचे पत्त्याचे गेम अन् व्हायरस होते फक्त. आता पळते मस्त! पण ते नाव काढा आधी."

मग आपल्या डब्यानं हाक का मारली नाही? प्रेमिला टेबलाखाली वाकली. प्लग जमिनीवर. सॉकेटमध्ये उदारामचा चार्जर.

"काऊन उपटला?"

"मोबाइल उतरला होता. भंगारवाल्या लखनले फोन लावाचा होता ना."

प्रेमिलानं चार्जर काढून त्याच्या हातात दिला. तिनं मुन्नालालची वायर काढली, प्लग खोचला. दिवा लागला, विझला. उपटाउपटीनं सॉकेट ढिलं झालेलं.

"धरा आता," ती म्हणाली.

उदाराम भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला आणि प्लग दाबून धरला. पंखा घोंगावला. या खेपेला हाक खरंच कोपऱ्यातून आली.

दारात लखनची गाडी थांबली. "उदारामभाऊ, काढा डब्बा!"

"हात गुतला हाय."

"तं म्या धरतो तिथं, तुमी उचला."

"याले हात नको लावू बे!" उदाराम मान न वळवता ओरडला. "अर्धं होऊन राहिलं. जाय, दुसरीकडं पाय."

लखन बडबडत गेला. बऱ्याच वेळानं पडदा निळा उजळला. उदारामला दिसत होती फक्त भिंत.

"पेटला का वं? काय म्हणते?"

प्रेमिलानं पदरानं त्याच्या मानेवरचा घाम पुसला.

"हलू नका म्हणते."