दोन्ही कडा

चिकलठाण्याच्या कारखान्यात त्रिंबक मिलिंग मशीनवर उभा राहिला तो साहेबरावमुळं, हे आधीच सांगून टाकतो. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेल्या घरातला हा गडी. साहेबरावनं त्याला हाताखाली घेतलं, स्वतःचा एज फाइंडर त्याच्या हातात दिला. बोटाएवढी चीज. मशीनमध्ये फिरताना तिचं खालचं टोक डुगडुगतं, लोखंडाच्या कडेला टेकत गेलं की सरळ होतं, आणि केसभर जास्त सरकलं की बाजूला निसटतं. निसटलं तिथं कड सापडली.

"पण टोक धा एमएमचं हाय," साहेबराव सांगायचा. "म्हंजे मशीनचा मध्य कडेपासून पाच एमएम बाहेरच असतो. ते पाच धरायचे इसरला की जॉब, म्हंजे मशीनवरचा ठोकळा, गेला. म्हणून समोरासमोरच्या दोन्ही कडा धर, आन् निम्मं कर. मग इसरायला काय उरतच नाय."

बाकीचे हसायचे. एका कडेनं भागतं तिथं दोनदा कशाला? पण साहेबराव कुणाला बधला नाही, आणि त्याचा जॉबही कधी चुकला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. एका दुपारी निरोप आला, साहेबरावचं घर जाळलं. डायचा, म्हणजे साच्याचा, लोखंडी ठोकळा मशीनवर आवळून झाला होता. "सेंटर काढून भोक मार," एवढं त्रिंबकला सांगून तो बस स्टँडकडं पळाला.

त्रिंबकला त्याच महिन्यात पर्मनंट करणार होते. काम झटक्यात करून दाखवायची हौस आली. एकच कड धरली, पाच एमएम साफ विसरला आणि आरपार भोक मारून मोकळा झाला. ठोकळा भंगारात.

फोरमन सर्जेराव मोठ्या जमीनदार घरचा. नामांतर म्हटलं की त्याच्या कपाळाची शीर उठायची. "सेंटर कुणी काढलं?" त्यानं विचारलं.

त्रिंबकला परत मेंढरांमागं जायचं नव्हतं. "साहेबरावनं," तो म्हणाला. माणूस घाबरला की जीभ कुठंही वळते, पण ही वळली ती नेमकी अन्नदात्यावर.

आठव्या दिवशी साहेबराव आला. बायको आवडाबाई आणि लेकरं नातलगाच्या ओसरीवर टाकून आला होता. सर्जेरावनं ठोकळा पुढं ढकलला. साहेबरावनं शांतपणे माप घेतलं. भोक दोन्हीकडून शंभरावर हवं होतं; ते एकीकडून पंचाण्णव, दुसरीकडून एकशेपाच. त्याला सगळं कळलं.

"हे माझं काम नाय, साहेब. एक कड धरून पाच इसरलं की असं होतं. मी दोन्ही कडा धरतो. तिंबकला इचारा."

सर्जेराव वळला. "काय रे, खरंय?"

एका 'व्हय'चं काम होतं, पाव्हणं. एवढंच. त्रिंबक जमिनीवरचा लोखंडी चुरा बघत राहिला. "ध्यानात नाय, साहेब."

सर्जेरावनं तिथल्या तिथं कामावरून काढलं, तसं साहेबरावनं पेटी उघडली, हत्यारं भरली. एज फाइंडर त्रिंबकच्या मशीनमध्येच होता. त्रिंबकनं तो काढून पुढं केला.

"ठिव," साहेबराव म्हणाला. "मला आता कुठलं मशीन? पण दोन्ही कडा धरत जा, बाबा." गेला तो गेलाच.

त्रिंबक पर्मनंट झाला, पुढं फोरमनही. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत अखेर विद्यापीठाला नाव लागलं. कारखान्यात पेढे वाटले. सिल्लोडकडचा सांडू नावाचा नवा ऑपरेटर त्या दिवशी त्याच्याकडून सेंटर काढायला शिकत होता. एज फाइंडर तोच, झिजून गुळगुळीत झालेला.

"दोन्ही कडा धरायचं लई भारी हाय, साहेब. कुणी शिकवलं तुम्हाला?"

सोळा वर्षांनी तेच एक नाव घ्यायचं होतं. विचारणाराही साधा, नोकरीलाही धक्का नाही.  त्रिंबकच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"कुणी नाय," तो म्हणाला. "मशीनवर आपोआप कळत जातं."