आईच्या डायँथसची फांदी

आई गेली, माहेरच्या दाराला कुलूप लागलं, आन् मी तिथनं एकच वस्तू उचलून आणली. तिच्या हातची डायँथसची कुंडी. कातरलेल्या काठाची गुलाबी फुलं यायची तिला. भाऊ म्हणला, भांडी ने. मी म्हणलं, भांडी ऱ्हाऊ दे तुलाच.

अणदूरला आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कुंडी मायेनं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. "ईहीणबाईंची आठवण हाय, मानानं ऱ्हाऊ दे." तिथंच घात झाला. आमच्यात अंघोळ झाली की जो तो तुळशीला तांब्याभर पाणी घालतो, आन् घर भरलेलं. मग शेजारच्या कुंडीला उपाशी कसं ठेवायचं! उरलेलं पाणी तिला. त्यात माती काळी, पाणी धरून बसणारी.

मी ज्वारीच्या सुगीत दिवसभर रानात. एक दिवस बघते तर बुडखा काळा पडलेला, बोटानं दाबला तर मऊ लागला. आई दुसऱ्यांदा चालली असं वाटलं.

"जाऊ दे की भैरवी, तुळजापूरहून नवी आणू," मालक म्हणले.

"नवी काय आईच्या हातची असती व्हय?"

मरू देणार न्हवते मी. वरच्या हिरव्या, टणक फांद्या निवडल्या. कळ्या होत्या त्या खुडल्या, जीव तुटला तरी खुडल्या. उसासारखी पेरं असतात ह्याला. पेराच्या खाली नव्या ब्लेडनं कापलं, खालची पानं काढली आन् वाळूत जराशी माती कालवून फांद्या खोवल्या. भिंतीच्या सावलीला कुंडी ठेवली आन् घरादाराला बजावलं, "हिला जो पाणी घालील, त्याला ताट मिळणार न्हाय."

आत्याबाईंनी गाल फुगवले. "झाडाला पाणी घातलं म्हणून कुणी बोलतं व्हय गं?"

"मी बोलते. रागवा माझ्यावर, पण तांब्या तिकडं न्यायचा न्हाय."

जुनं झाड गेलंच. फांद्याही एकामागून एक वाळल्या. मी रोज हातानं पाणी शिंपडत ऱ्हायले. शेवटी एकच उभी ऱ्हायली, आन् तिच्या शेंड्याला नवी पानं फुटली. हलकंच ओढून बघितलं तर हलेना.

"मुळं धरली!" मी अशी वरडले की आत्याबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. वाकून बघत ऱ्हायल्या. मग हळूच म्हणल्या, "पुढं हिची फांदी काढशील, तवा एक माझ्या हातनं लावून घे."

"कशापायी?"

"मी गेल्यावर माझ्यासाठी बी असंच भांडशील न्हवं?"

रागच आला त्यांचा, असलं बोलतात म्हणून.

"भांडेन की," म्हणलं, "सगळ्या गावाशी भांडेन. पण ते झाड फुलल्यालं बघायला तुम्ही इथंच पाहिजेत."