बंद सरावाचे दिवस

पट्टीमावशींच्या तोंडाला कोणी लागत नसे. जिम्नॅस्टिक्सच्या त्या क्लबात अकरा वर्षं त्या पोरींच्या जखमा धूत होत्या आणि धुता धुता सगळ्यांची खरडपट्टी काढत होत्या. "हाडं काय उसनी आणलीत का गं?" हे त्यांचं लाडकं वाक्य. फक्त प्रशिक्षक सरांपुढे त्या गप्प. सरांनी क्लबला पदकं मिळवून दिली होती, त्यामुळे त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

जखमांच्या वहीचा रिवाजही सरांचाच. इजा कशी झाली हे पोरीला विचारायचं नाही. सर सांगणार, मावशी लिहिणार, सर सही करणार.

त्या दुपारी मिरची आली. वय दहा, अंगाने एवढीशी, जिभेने तिखट, म्हणून मिरची. आज मात्र तोंडातून शब्द नाही. दंडाच्या आतल्या बाजूला ओळीने चार निळे डाग, बाहेरून एक.

"लिहा, बीमवरून पडली," सर म्हणाले, आणि सही ठोकून निघूनही गेले.

मावशींनी लिहिलं होतं, सवयीने! आता मात्र त्यांचं डोकं चालायला लागलं. बीमच्या त्या अरुंद लाकडी पट्टीवरून पडलेल्या पोरीचं कोपर फुटतं, गुडघा सोलवटतो. दंडाच्या आत कसं लागेल? त्यांनी मागची पानं उलटली. दंडाला मार, 'बीमवरून पडली': मिरची तीनदा, आणखी दोघी. सगळ्या नोंदी बंद सरावाच्या दिवसांच्या. स्पर्धेआधी सर आईबापांना हॉलमध्ये बसू देत नसत, त्या दिवसांच्या. अक्षर मावशींचंच.

दार उघडं ठेवून त्या मिरचीशेजारी बसल्या. "काय झालं ते तू सांग बाळा."

"उडी चुकली की सर दंड धरून आपटतात. घरी सांगितलंस तर संघातून काढीन म्हणाले." तिने मावशींचा पदर घट्ट धरला. "तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"सांगणार. तुला खोटं कशाला बोलू? पण सरांना नाही. तुझ्या आईला, आणि हे थांबवणं ज्यांचं काम आहे त्यांना."

मावशींनी आईला फोन केला, मग बालसंरक्षण कार्यालयाला. ते ऐकून क्लबचे सचिव धावत आले. "अहो मावशी, आधी आपसात बसू. सरांना विचारून तर घ्या. क्लबचं नाक कापलं जाईल!"

"नाक गेलं खड्ड्यात! ज्याने मारलं त्यालाच विचारायचं? अकरा वर्षं हाच गाढवपणा केला मी."

तासाभरात कार्यालयातल्या बाई आल्या. मावशींनी वही त्यांच्या हातात दिली. "यातल्या बीमवरून पडल्याच्या या नोंदी खोट्या आहेत. मीच लिहिल्यात," त्या म्हणाल्या. चौकशी होईपर्यंत सरांनी हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, असं बाईंनी सचिवांकडून तिथेच लिहून घेतलं.

आई आली, लेकीला कवटाळून रडली. निघताना मिरची थबकली.

"मावशी, मागच्या वेळी तुम्हीच इथे बर्फ लावला होता. तेव्हा का नाही विचारलंत?"

मावशी तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "सरांना घाबरले गं."



"पण तुम्ही तर मोठ्या होतात ना?"