भिंतीवरचे हात

धाकट्याचे वाजवतानाचे हात एकाही फोटोत धड आले नव्हते. चेहरा हवा तेवढा होता: हसरा, डोळे मिटलेला, घामाने निथळणारा. पण व्हायोलिन हातात आलं की बोटांच्या जागी नुसता तांबूस धूर. सभागृहात उजेड कमी असतो, कॅमेऱ्याची झडप जरा जास्त वेळ उघडी राहते, आणि तेवढ्यात त्याची बोटं चार ठिकाणी जाऊन आलेली असायची. जिथे हात स्पष्ट होते तिथे त्यांत चहाचा कप होता, नाहीतर कुणाचा तरी खांदा.

लाकडाच्या वखारीची तीन मजली भिंत गावच्या स्मारक समितीने त्याच्या चित्रासाठी मिळवली होती. गावात जन्मून जगभर गाजलेला धाकटा गेल्या वर्षी गेला. गावाने त्याच्यासाठी काहीतरी करायलाच हवं होतं. भिंतीसमोर शटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ते त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाचं. गाव त्या दोघांना कायम थोरला आणि धाकटा असंच म्हणत आलं.

चित्रकार मुलगी विजेची वायर मागायला दुकानात आली आणि वायर राहिली बाजूला, ती थोरल्याच्या हातांकडेच बघत राहिली.

"काका, जरा हात दाखवता?"

"ग्रीस आहे."

"रंग माझ्याकडे आहेत हो. मला आकार हवाय."

आकार तोच होता. दोघांचे हात एका साच्यातून काढलेत, असं त्यांची आई म्हणायची. मुलीने संगीत शाळेतून व्हायोलिन उसनं आणलं. थोरल्याने हात दोनदा धुतले, वाद्य हनुवटीखाली धरलं, आणि डाव्या हाताची बोटं न सांगता तारेवर जाऊन बसली.

"अजून लक्षात आहे तुमच्या!" ती म्हणाली.

"हात विसरत नाहीत," थोरला म्हणाला.

लहानपणी घरात व्हायोलिन एक आणि पोरं दोन. मास्तर दोघांनाही शिकवायचे. मग एके दिवशी मास्तर आणि वडील बाहेरच्या खोलीत दार ओढून घेऊन बराच वेळ बोलले, आणि दुसऱ्या दिवशी वडील थोरल्याला दुकानात घेऊन गेले. "कुणीतरी दुकान बघायला हवं," एवढंच म्हणाले. थोरला गेला. हूं की चूं केलं नाही. पुढे धाकट्याचं नाव झालं तसं या गप्प राहण्याचंही नाव झालं. थोरल्याने सोडलं म्हणून धाकट्याला मिळालं, हे गावात शेंबडं पोरही सांगायचं. थोरला कधी हो म्हणाला नाही आणि नाही तर मुळीच नाही. लोखंडाच्या त्या खडखडाटात आयुष्य काढताना मनात त्याने एकच हिशेब जपला होता: त्या दिवशी बापाने दुसऱ्या पोराचा हात धरला असता, तर भिंतीवर आपण असतो.

आता निदान हात तरी असणार होते. पण कुणाला सांगायचं नाही, असं त्याने मुलीकडून कबूल करून घेतलं.

"अहो, सांगा की लोकांना," बायको म्हणाली. "का मी दवंडी पिटू?"

"आधी कुणीतरी म्हणू दे."

"काय म्हणू दे?"

"की हे हात अगदी त्याचेच."

"आणि मग तुम्ही म्हणणार, माझे आहेत! तरीच आरशासमोर इतका वेळ लागतोय हल्ली." ती हसली, पण त्याचा चांगला शर्ट तिने आठवणीने इस्त्री करून ठेवला.

चित्रावरचं कापड उतरलं तेव्हा टाळ्या पडल्या. चेहरा असा हुबेहूब साधला होता की बायकोने पदर तोंडाला लावला. थोरला मात्र चेहऱ्याकडे बघतच नव्हता. दरवाजाएवढी चार बोटं तारेवर टेकली होती. तो गर्दीच्या कडेला उभा राहून त्या एका वाक्याची वाट बघत होता.

धाकट्याची शिष्या पुढे आली. केस पिकलेली बाई, त्याच्याबरोबर कित्येक वर्षं वाजवलेली. तिने वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

"चेहरा अगदी सरांचा. पण हात कुणाचे घेतलेत?"

चित्रकार मुलीने मान खाली घातली.

"का हो? काय झालं?" समितीचे अध्यक्ष म्हणाले. ते औषधांच्या दुकानाचे मालक. आजाराचं नाव कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"तिसरं बोट बघा. ते दुसऱ्याला चिकटलेलं नाही आणि धड सुटलेलंही नाही. मधेच लटकलंय. व्हायोलिनवर खुणा नसतात, बोट पडेल तो स्वर. आणि तिथे स्वरच नाही. सरांचं बोट झोपेतही तिथे पडलं नसतं."

"म्हणजे आम्ही त्यांना बेसूर केलं?"

"तेही तीन मजली!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

अध्यक्ष चित्रकार मुलीकडे वळले. "बाई, एवढा विश्वास टाकला तुमच्यावर. कुणाचेही हात काढून मोकळ्या झालात?"

तिने ओठ घट्ट मिटले होते. थोरल्याला ते बघवेना.

"तिला बोलू नका," तो म्हणाला. "हात माझे आहेत."

हसणं तुटलं. अध्यक्षांनी घाईघाईने त्याच्या पाठीवर थाप मारली. "अहो, मग आधी सांगायचं नाही का! इतक्या वर्षांत वाद्याला शिवला नाहीत तुम्ही. सवय सुटली की हे व्हायचंच."

बुडत्याला काडी मिळावी तसं थोरल्याने ते वाक्य धरलं. "सवय सुटल्यामुळे," तो शिष्येला म्हणाला. "हो ना?"

तिला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि तो काय विचारतोय हे तिला कळलंही नाही. "नाही हो, दादा. सवय सुटली की बोटं गोंधळतात, थरथरतात. हे बोट गोंधळलेलं नाही, पक्कं बसलंय. काही मुलांचं पहिल्यापासून असं असतं. कान सांगत नाही, मग बोट आपल्या मनाने जागा ठरवतं. अशांना आम्ही घरच्यांना बोलावून सांगतो, की…"

ती थांबली. थोरल्याच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं.

पण थोरल्याला पुढचं कळलं होतं. बाहेरच्या खोलीचं ओढलेलं दार. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या वाटेवर वडिलांचा खांद्यावर हात, जरा जास्तच जड. त्याने काहीच सोडलं नव्हतं. बापाने त्याला त्याग आंदण दिला होता, आणि तो बिचारा बाप कुणालाही न सांगता मरून गेला.

घरी बायकोने जेवायला वाढलं आणि कधी नव्हे ते एकही टोमणा मारला नाही. तेच त्याला जास्त लागलं.

सकाळी मुलगी दुकानात आली. "काका, मी त्या शिष्याबाईंचाच हात बघून काढते. तुम्ही कशाला…"

"बोटच सरकवायचं आहे ना? मग अख्खा हात कशाला बदलतेस?"

शिष्या व्हायोलिन घेऊन आली होती. मुलगी समोर भिंतीच्या शिडीवर चढली; थोरला दुकानाबाहेर स्टुलावर बसला, वाद्य धरलं. बोटं त्यांच्या जागी गेली. तिने त्याचं तिसरं बोट चिमटीत पकडून तांदळाच्या दाण्याएवढं पुढे सरकवलं.

"इथे."

"एवढंच?"

"एवढंच, दादा."

थोरल्याने बोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाजवून दाखव. आधी माझं, मग तुझं."

त्याने बोट मागे घेतलं. तिने त्याच्या हातातल्या वाद्यावर गज ओढला. शिडीवरच्या मुलीने नाक मुरडलं, नकळत. मग शिष्येने बोट पुढे सरकवलं आणि पुन्हा गज ओढला. मुलीचे खांदे सैल झाले. तिला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं.

थोरल्याला दोन्ही वेळा एकच स्वर ऐकू आला.

"परत," तो म्हणाला.

तिने परत वाजवलं. त्याने डोळे मिटले. दुकानाच्या खडखडाटाने कान खाल्ले असतील, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण पलीकडच्या गल्लीत कुणाचं शटर वर गेलं, आणि त्याचं डावीकडचं बेअरिंग सुकलंय हे त्याला इथे बसून कळलं.

"आणखी एकदा."

तिने आणखी एकदा वाजवलं. आधी त्याचं, मग तिचं. दोन्ही स्वर जुळ्या भावंडांसारखे त्याच्यासमोर उभे राहिले.

"कळला फरक?" तिने हळूच विचारलं.

शिडीवरून मुलगी बघत होती. दुकानाच्या दारात बायको उभी होती, हातात डबा घेऊन.

"कळला," थोरला म्हणाला. "तू काढ गं पोरी. मी हलत नाही."

आणि मुलीचं काम पुरं होईपर्यंत, हाताला रग लागली तरी, त्याने ते बोट शिष्येने ठेवलं तिथेच दाबून धरलं.