सुट्टीच्या आठवड्याची क्रमवारी

माझी बायको व्हर्ना बुधवारी गेली. पाद्रीबाबांनी आधी भिंतीवरचं फुटबॉलचं वेळापत्रक पाहिलं आणि मग मला म्हणाले, दफनाला शनिवार चालेल, आपल्या राज्याच्या संघातल्या पोरांना या शनिवारी सुट्टी आहे, सामना नाही. मी बरं म्हणालो. नेब्रास्कात सामन्याच्या शनिवारी कुणी लग्न ठेवत नाही आणि शहाणा माणूस मरतही नाही, असं व्हर्नाच म्हणायची. तिने वेळ बरोबर साधली होती.

चर्च भरलं होतं. नंतर तळघरात जेवणं झाली, लोक माझा दंड दाबून गेले. घरी फ्रीजमध्ये शेजारणींनी भट्टीत भाजून दिलेल्या कॅसरोलची भांडी एकावर एक, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. मी त्यातलं एक उघडून उभ्याउभ्याच खाल्लं. कशाचं होतं ते सांगता येणार नाही. जो तो विचारत होता, कसं वाटतंय. काहीच वाटत नव्हतं. दाढ काढून आल्यावर गाल बधिर असतो, चावला तरी कळत नाही, तसं माझं झालं होतं. हे सांगितलं असतं तर लोकांना वाईट वाटलं असतं, म्हणून मी 'ठीक आहे' म्हणत राहिलो.

आता फळ्याचं सांगतो. जोलीनच्या खानावळीत दाराजवळ एक काळा फळा आहे. मोसम सुरू झाला की दर सोमवारी सकाळी त्यावर व्हर्नाची क्रमवारी लागायची, देशभरातल्या कॉलेज फुटबॉलमधले तिच्या मते पहिले दहा संघ. पेपरात तज्ज्ञांची क्रमवारी येते, पण तज्ज्ञांना घरात कुणी विचारत नाही म्हणून ते हा उद्योग करतात, असं तिचं मत. संघांची खरी नावं ती कधी लिहायची नाही. तेलवाले, देवाची लाडकी माणसं, समुद्रकाठचे उघडे, असं काहीबाही लिहायची. नदीपलीकडचे, म्हणजे शेजारच्या राज्याचा संघ, कितीही जिंकोत, त्यांची जागा दहावी. एकदा त्यांच्यापुढे लिहिलं होतं, 'जिंकले. कसे, ते त्यांनाही माहीत नाही.'

अगदी खाली 'इतर मतं मिळालेले' अशी एक ओळ असायची. पेपरातही ती असते, थोडक्यात हुकलेल्या संघांसाठी. व्हर्ना तिथे गावाला बसवायची. पाद्रीबाबांचं प्रवचन, चौकातला नवा सिग्नल, जोलीनचे सिनॅमन रोल. आणि मी तर कायमचाच. शेवटच्या सोमवारी माझ्यापुढे होतं, 'मायलो. एक जागा खाली. घोरण्यात सातत्य आहे, पण वेग नाही.' भेटेल तो मला माझ्या वेगाबद्दल विचारत होता, आणि ती मजेत हसत होती.

रविवारी दुपारी जोलीन घरी आली. ती आणि व्हर्ना शाळेपासूनच्या मैत्रिणी. ती बसली नाही, कोटही काढला नाही. रस्टी कोपेकी फळा मागतोय म्हणाली. रस्टी गावात विमा विकतो. मूळचा नदीपलीकडचा, आणि फळ्यावर त्याचा डोळा फार वर्षांपासून. माणूस वाईट नाही, शनिवारी शवपेटीला खांदा द्यायलाही होता. पण फळा कोरा राहिलेला त्याला बघवत नाही.

"मी त्याला म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांब," जोलीन म्हणाली. "तू लिहिणार असलास तर फळा तुझा, मायलो. नाहीतर मी त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू? अर्धा मोसम बाकी आहे."

मी म्हणालो, मी काल एकही सामना पाहिलेला नाही. त्यावर ती म्हणाली, कोण पाहतं सगळे? व्हर्ना पाहायची. एक टीव्हीवर, एक रेडिओवर, आणि दोन्हीकडच्या पंचांना मधूनमधून शिव्या. पण मी वाद घातला नाही. माझ्या डोळ्यांपुढे त्या फळ्यावर रस्टीचं अक्षर आलं, पहिल्या जागी नदीपलीकडचे, आणि बुधवारपासून पहिल्यांदा मला काहीतरी झालं. दुःख नव्हे. राग आला, तोही इवलासा. तिची जागा मी त्याला देणार नव्हतो.

सोमवारी खानावळ उघडायच्या वेळीच गेलो. बगलेत पेपर, हातात खडू. मी जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला, विनोद करणं हे तिचं खातं. 'देवाची माणसं. जिंकली,' असं लिहिलं. 'तेलवाले. हरले,' असं लिहिलं. वाचून पाहिलं तर मयताची बातमी वाटत होती. आपली पोरं गेल्या सोमवारी सहावी होती. पेपरात त्यांच्यापुढे आकडाच नव्हता. ज्याच्याकडे दाखवायला काही नाही तो खाली जाणार, असा सरळ विचार करून मी त्यांना नववं टाकलं. 'इतर मतं मिळालेले' लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली. मग कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसलो.

लोक आले. टोप्या काढून फळा वाचला. छान झालंय मायलो, छान झालंय, म्हणत आपापल्या अंड्यांकडे वळले. एकही जण हसला नाही. एरवी या फळ्यासमोर लोकांच्या नाकातून कॉफी यायची. त्या सगळ्यांना एकेक करून बाहेर हाकलावं असं मला वाटलं, पण उठायचा कंटाळा आला.

मग रस्टी आला. कप हातात घेऊन फळ्यासमोर उभा राहिला आणि खालपासून वरपर्यंत दोनदा वाचलं.

"हे चूक आहे," तो म्हणाला.

"रस्टी, गप बस," गल्ल्यावरून जोलीन म्हणाली.

"का गप बसू? चूक ती चूक. मायलो, तुमची पोरं सहावी होती ना? मग नववी कशी झाली?"

मी म्हणालो, "काही केलंच नाही त्यांनी."

"सुट्टी होती त्यांना! जो खेळलाच नाही तो खाली जाईल कसा? तो हरलाय का? त्याची जागा तीच राहते. व्हर्नाने हे माझ्या डोक्यात इतकी वर्षं हाणलंय, आणि आज ते मी तुला सांगायचं? मी?"

सगळ्यांना वाटलं मी चिडणार. मी चिडलो नाही, कारण तो बरोबर होता. तिच्या फळ्यावर ही चूक कधी झाली नव्हती, आणि तिला जाऊन आठवडा व्हायच्या आत मी ती करून ठेवली होती.

उठलो, फडकं घेतलं. तिघांना एकेक जागा खाली ढकललं, सहावी जागा मोकळी केली आणि तिथे लिहिलं, 'आपली पोरं. या आठवड्यात खेळली नाहीत. जागा तीच.' खडूचा तुकडा अजून हातात होता. खाली ती कोरी ओळ होती. वाकून मी तिथे लिहिलं, 'व्हर्ना. या आठवड्यात खेळली नाही.'

पुढे हात चालेना. रस्टी माझ्या मागे उभा राहून वाचत होता. त्याने कप हळूच टेबलावर ठेवला.

"पुढचंही लिही, मायलो," तो म्हणाला. "नियम तिचाच आहे."

मी लिहिलं, 'जागा तीच.' खडू खाली ठेवला, आणि तेव्हा दुखायला लागलं.